आलेखांवरील मोठ्या संख्यांची सुबोध मांडणी : लाख-कोटी गणना आणि संगणकीय आज्ञावली

सारांश

संशोधनपर लेखन, महाविद्यालयीन अहवाल आणि अध्यापन यांमध्ये आलेखांचा वापर आता सार्वत्रिक झाला आहे. आलेख काढण्याचे काम संगणक करीत असला, तरी आलेखावरील संख्या वाचकापर्यंत कोणत्या रूपात पोहोचावी हा निर्णय अभ्यासकालाच घ्यावा लागतो. बहुतेक संगणकीय साधने हजार, मिलियन, बिलियन या पाश्चात्त्य गणनापद्धतीवर आधारलेली असल्याने लाख-कोटीत विचार करणाऱ्या वाचकासाठी लेबले तयार करताना काही विशिष्ट अडचणी उद्भवतात. प्रस्तुत लेखात २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्र व गोवा यांच्या लोकसंख्येच्या आधारे या अडचणींचे स्वरूप स्पष्ट केले असून, एककाची निवड, आसन्न मूल्य, दशांश स्थळे, स्वल्पविरामांची मांडणी आणि आज्ञावलीची चाचणी या पाच अंगांनी त्यांच्या निराकरणाचा विचार केला आहे.

बीजशब्द : आलेख, लेबल, लाख-कोटी गणना, आसन्न मूल्य, आज्ञावली, देवनागरी अंक.

१. प्रस्तावना

आलेखाचे प्रयोजन संख्यांमधील संबंध दृष्टीस आणून देणे हे असते. स्तंभाची उंची किंवा रेषेचा चढउतार पाहून वाचकाला तुलना करता येते. परंतु ती तुलना नेमकी कशाची व किती प्रमाणाची, हे त्याला अक्षावरील व स्तंभांवरील आकड्यांवरूनच समजते. हे आकडे दुर्बोध असतील तर आलेख केवळ चित्र उरतो. ते दिशाभूल करणारे असतील तर परिणाम अधिक गंभीर होतो, कारण वाचक आलेखावर सहसा तक्त्यापेक्षा लवकर विश्वास ठेवतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. ही संख्या तक्त्यात अशीच असणे योग्य आहे. मात्र पस्तीस जिल्ह्यांच्या स्तंभालेखात प्रत्येक स्तंभावर सात-आठ अंकी संख्या छापल्यास लेबले एकमेकांवर चढतात आणि वाचकाला अंक मोजत बसावे लागते. म्हणून '११.२ कोटी' असे संक्षिप्त रूप वापरले जाते. हे संक्षेपीकरण वरवर पाहता क्षुल्लक वाटते : संख्येला एका मोठ्या संख्येने भागावे, दशांश चिन्हापुढील एखादा अंक ठेवावा आणि पुढे शब्द जोडावा. प्रत्यक्षात या तीनही पायऱ्यांवर चुकीला वाव आहे, आणि या चुका आज्ञावली चालविताना कोणताही दोषसंदेश देत नाहीत. संगणकाच्या दृष्टीने सर्व काही सुरळीत असते. चूक होते ती वाचकाच्या मनात.

२. गणनापद्धतींतील भेद

भारतीय गणनापद्धतीत उजवीकडील पहिले तीन अंक एकत्र व त्यानंतरचे अंक दोन-दोनांच्या गटात लिहिले जातात. पाश्चात्त्य पद्धतीत सर्व गट तीन अंकांचे असतात. त्यामुळे ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या (त्यावेळी पालघर जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो २०१४ मध्ये झाला) एका पद्धतीत १,१०,६०,१४८ आणि दुसऱ्या पद्धतीत ११,०६०,१४८ अशी लिहिली जाते. अंक तेच असले तरी स्वल्पविरामांच्या जागा बदलतात, आणि संख्या 'वाचण्याची' पद्धत त्या जागांवरच अवलंबून असते.

मोठ्या एककांची तुलना पुढीलप्रमाणे करता येते :

१ लाख = १०० हजार
१० लाख (दशलक्ष) = १ मिलियन
१ कोटी = १० मिलियन
१०० कोटी (अब्ज) = १ बिलियन
१ लाख कोटी = १ ट्रिलियन

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की दोन्ही पद्धतींतील एकके सर्वत्र एकमेकांवर बसत नाहीत. लाख आणि मिलियन यांत दसपटीचा फरक आहे व तोच फरक कोटी आणि मिलियन यांतही आहे, मात्र उलट दिशेने. परिणामी रूपांतरात होणारी चूक बहुधा दसपटीची असते. ती इतकी मोठी नसते की डोळ्यांत भरावी आणि इतकी लहानही नसते की दुर्लक्ष करता यावे.

पाश्चात्त्य संज्ञाही सर्वत्र एकार्थी नाहीत. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये असा अर्थ प्रचलित होता; १९७४ मध्ये तेथील शासनाने एकावर नऊ शून्ये हा अर्थ स्वीकारला. फ्रेंच व जर्मन भाषांत मात्र एकावर नऊ शून्यांसाठी अनुक्रमे 'मिलियार' आणि 'मिलियार्ड' या स्वतंत्र संज्ञा असून त्यांतील बिलियन आजही एकावर बारा शून्यांचा आहे. जपानी व चिनी भाषांत तर दहा हजार हेच मूळ एकक असून पुढील एकक दहा कोटींचे असते. तात्पर्य, तीन-तीन अंकांची गणना ही निसर्गसिद्ध नाही. ती अनेक रूढींपैकी एक रूढी आहे.

भारतीय परंपरेतही कोटीच्या पुढे संदिग्धता आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (११५०) या ग्रंथात दिलेल्या संज्ञांपैकी प्रत्येक संज्ञा आधीच्या संज्ञेच्या दसपट आहे. त्यानुसार अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्ये आणि खर्व म्हणजे एकावर दहा शून्ये होतात. हिंदीतील 'खरब' मात्र एकावर अकरा शून्यांचा आहे, आणि अब्जानंतर 'दशअब्ज' हे स्थान मोजल्यास मराठीतही खर्व अकरा शून्यांवर जातो. या कारणाने आलेखाच्या लेबलात खर्व, निखर्व यांसारख्या संज्ञा वापरणे इष्ट नाही. अर्थसंकल्पविषयक लेखनात रूढ असलेला 'लाख कोटी' हा प्रयोग लांब असला तरी निःसंदिग्ध आहे.

३. प्रचलित साधनांचे वर्तन

आलेख काढणारी साधने आपणहून जी लेबले देतात ती कोणत्या गृहीतकांवर आधारलेली असतात, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी अक्षावरील संख्या फार मोठ्या झाल्या की त्यांचा सामाईक घातांक बाजूला काढून अक्षाच्या टोकाशी लहान अक्षरांत लिहिते. अक्षावर केवळ ०.२, ०.४, ०.६ असे आकडे दिसतात आणि 'दहाचा सातवा घात' ही सूचना कोपऱ्यात राहते. प्रक्षेपकावर आलेख दाखविताना ती सूचना मागील बाकावरील विद्यार्थ्याला वाचता येत नाही.

जावास्क्रिप्टमधील डी-थ्री ही लायब्ररी संक्षेपासाठी आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीतील उपसर्ग वापरण्याची सोय देते. त्यात दशलक्षासाठी 'मेगा'चे आणि अब्जासाठी 'गिगा'चे आद्याक्षर येते. विद्युत्शक्ती किंवा संगणकीय स्मृती यांच्या मापनासाठी हे योग्यच आहे. परंतु भारताची २०११ ची सुमारे १२१ कोटी लोकसंख्या '१.२१ गिगा' अशा रूपात दाखविणे हास्यास्पद ठरते. याच लायब्ररीत गटांची लांबी तीन, दोन, दोन अशी ठरवून देता येते. म्हणजेच भारतीय स्वल्पविरामांची सोय आहे, पण ती अभ्यासकाने मुद्दाम मागावी लागते.

एक्सेलमध्ये स्वल्पविरामांची मांडणी संगणकाच्या प्रादेशिक संकेतांवर अवलंबून असते. त्यामुळे एकाच फाईलमधील संख्या एका संगणकावर लाख-कोटीच्या, तर दुसऱ्यावर मिलियनच्या पद्धतीने दिसू शकते. यावर उपाय म्हणून संख्यास्वरूपात अटी घालून कोटी, लाख व उर्वरित असे तीन भाग करण्याची युक्ती बरीच प्रचलित आहे. मात्र या स्वरूपात दोनच अटी देता येतात, आणि 'कोटीहून मोठी' व 'लाखाहून मोठी' या दोन अटी खर्ची पडल्यावर ऋण संख्या तिसऱ्या, म्हणजे उर्वरित भागात जाते. परिणामी १२,३४,५६७ रुपयांचे आधिक्य भारतीय पद्धतीने, तर तितकीच तूट १,२३४,५६७ अशी पाश्चात्त्य पद्धतीने छापली जाते. याशिवाय स्वरूपाच्या शेवटी स्वल्पविराम देऊन संख्येला हजाराने भागण्याची जी सोय एक्सेलमध्ये आहे, तिने हजार व मिलियन मिळतात, लाख मिळत नाही.

तथापि एक्सेलच्या आलेखात अक्षाचे 'प्रदर्शन एकक' निवडण्याची स्वतंत्र सोय आहे आणि त्या यादीत १,००,००० व १,००,००,००० हे दोन्ही पर्याय उपलब्ध आहेत. त्यांपैकी एक निवडून अक्षाच्या शीर्षकात 'लाख' किंवा 'कोटी' असे लिहिल्यास कोणतीही आज्ञावली न लिहिता काम होते. ही सोय पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

जावास्क्रिप्टच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या मानकाची पहिली आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली व २०२० च्या आवृत्तीत संक्षिप्त संख्यालेखनाचा समावेश झाला. भाषेचा संकेत म्हणून 'मराठी, भारत' असे दिल्यास संख्या देवनागरी अंकांत, भारतीय स्वल्पविरामांसह व लाख-कोटी या शब्दांसह मिळते. या सोयीमागे युनिकोड संघाच्या छत्राखाली संकलित होणारा भाषाविषयक माहितीचा सामाईक साठा आहे. ही मोठीच प्रगती होय. परंतु तयार सोय वापरली म्हणजे विचार करण्याची गरज संपली असे नव्हे. याचे कारण पुढील विभागात दिले आहे.

४. एककाची निवड : एका आलेखात एकच एकक

२०११ च्या जनगणनेतील चार जिल्ह्यांची लोकसंख्या उदाहरणादाखल घेता येईल :

सिंधुदुर्ग : ८,४९,६५१
मुंबई उपनगर : ९३,५६,९६२
पुणे : ९४,२९,४०८
ठाणे : १,१०,६०,१४८

प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे संक्षिप्त केल्यास वर उल्लेखिलेल्या तयार सोयीतून अनुक्रमे ८.५ लाख, ९४ लाख, ९४ लाख आणि १.१ कोटी अशी लेबले मिळतात. यातील प्रत्येक लेबल स्वतंत्रपणे अचूक आहे. तरीही चारही लेबले एका आलेखावर आली की दोन दोष दिसतात.

पहिला दोष एककाचा. सर्वांत उंच स्तंभावर '१.१' आणि त्याहून ठेंगण्या स्तंभावर '९४' असा आकडा येतो. वाचक आधी अंक पाहतो व नंतर शब्द. त्यामुळे त्याला क्षणभर अडखळावे लागते. रेषालेखात ही अडचण अधिक जाणवते, कारण वर जाणाऱ्या अक्षावर ८०, ९०, १, १.१ असा क्रम दिसतो. दुसरा दोष आसन्न मूल्याचा. पुणे व मुंबई उपनगर यांच्या लोकसंख्येत ७२,४४६ चा फरक असूनही दोहोंची लेबले सारखीच होतात. स्तंभांच्या उंचीत फरक आहे आणि आकड्यांत नाही, अशी विसंगती वाचकासमोर येते.

यावरून पहिला नियम असा मांडता येतो : एककाची निवड प्रत्येक संख्येसाठी स्वतंत्रपणे न करता संपूर्ण अक्षासाठी एकदाच करावी. त्यासाठी अक्षावरील सर्वांत मोठ्या केवलमूल्याचा आधार घेणे सोयीचे असते. मात्र हा आधार यांत्रिकपणे घेऊ नये. वरील उदाहरणात सर्वांत मोठी संख्या कोटीच्या घरात आहे म्हणून 'कोटी' हे एकक घेतल्यास सिंधुदुर्ग ०.१ कोटी, मुंबई उपनगर व पुणे प्रत्येकी ०.९ कोटी होतील आणि बराचसा तपशील नष्ट होईल. 'लाख' हे एकक घेतल्यास ८.५, ९३.६, ९४.३ आणि ११०.६ अशी लेबले मिळतात. ती तुलनीय आहेत आणि परस्परांपासून वेगळीही आहेत. म्हणून बहुसंख्य मूल्ये ज्या एककात एक किंवा त्याहून अधिक राहतात ते एकक निवडणे अधिक योग्य होय. '११०.६ लाख' हा प्रयोग बोलण्यात रूढ नसला तरी आलेखाच्या संदर्भात तो क्षम्य आहे.

जेथे मूल्यांमधील अंतरच फार मोठे असते तेथे हा नियमही अपुरा पडतो. महाराष्ट्राची ११,२३,७४,३३३ व गोव्याची १४,५८,५४५ ही लोकसंख्या एका आलेखावर दाखवावयाची असल्यास लाखात ११२३.७ व १४.६, तर कोटीत ११.२४ व ०.१५ अशी लेबले होतात. अशा वेळी अक्षावर एक एकक ठेवून स्तंभांवर पूर्ण संख्या द्यावी किंवा आलेखासोबत तक्ता जोडावा. एकाच आलेखाने सर्व कामे करावीत ही अपेक्षा रास्त नाही.

५. आसन्न मूल्य आणि सीमारेषेवरील संख्या

हाताने लिहिलेल्या आज्ञावलीत सर्वाधिक आढळणारी चूक सीमारेषेवर होते. समजा, आज्ञावलीत 'संख्या एक कोटीहून लहान असल्यास तिला लाखाने भागावे व एक दशांश स्थळ ठेवावे' अशी सूचना आहे. ९९,९६,००० ही संख्या कोटीहून लहान आहे. तिला लाखाने भागल्यास ९९.९६ मिळतात आणि एका दशांश स्थळापर्यंतचे आसन्न मूल्य १००.० होते. लेबलावर '१००.० लाख' असे उमटते, अपेक्षित मात्र '१ कोटी' असते. चुकीचे मूळ क्रमात आहे : एकक आधी ठरले व आसन्न मूल्य नंतर घेतले गेले. म्हणून आसन्न मूल्य घेतल्यानंतर ते पुढील एककाच्या मर्यादेपर्यंत पोहोचले आहे काय, हे पुन्हा तपासणे आवश्यक ठरते. प्रमाणित सोयींमध्ये ही तपासणी अंतर्भूत असते. स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीत ती आठवणीने घालावी लागते.

संख्येतील अंकांची गणना करण्यासाठी लॉगॅरिथमचा उपयोग करण्याची पद्धतही धोक्याची आहे. एक हजाराचा दशमान लॉगॅरिथम तीन आहे; परंतु जावास्क्रिप्टमध्ये नैसर्गिक लॉगॅरिथमांच्या भागाकाराने तो काढल्यास उत्तर तीनहून किंचित कमी येते आणि अपूर्णांक टाकून दिल्यावर दोन उरतात. शून्याचा लॉगॅरिथम तर अस्तित्वातच नाही. एककांची एक लहान यादी करून संख्येची तिच्याशी सरळ तुलना करणे हा मार्ग साधा असला तरी अधिक भरवशाचा आहे.

नेमक्या अर्ध्यावर असलेल्या संख्यांचे आसन्न मूल्य कसे घ्यावे याविषयीही साधनांत एकवाक्यता नाही. २.५ चे पूर्णांकी आसन्न मूल्य एक्सेल ३ देते, तर पायथनची सध्याची आवृत्ती जवळचा सम अंक म्हणून २ देते. दोन्ही पद्धती गणितात मान्य आहेत. परंतु तक्ता एका साधनात व आलेख दुसऱ्या साधनात तयार केला असल्यास दोहोंतील आकडे जुळत नाहीत, आणि परीक्षकाच्या मनात आकडेवारीविषयीच शंका निर्माण होते.

याच संदर्भात बेरजेचा प्रश्न विचारात घ्यावा लागतो. सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ म्हणजे ८.५ लाख आणि रत्नागिरीची १६,१५,०६९ म्हणजे १६.२ लाख. लेबलांची बेरीज २४.७ लाख होते. प्रत्यक्ष बेरीज मात्र २४,६४,७२० आहे, म्हणजे २४.६ लाख. येथे कोणतीही आकडेमोड चुकलेली नाही. आसन्न मूल्यांची बेरीज व बेरजेचे आसन्न मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. बेरीज नेहमी मूळ संख्यांची करावी आणि आलेखाखाली 'आकडे आसन्न असल्याने बेरीज तंतोतंत जुळेलच असे नाही' अशी टीप द्यावी. लेबलातील आकडा पुन्हा गणितासाठी वापरणे सर्वथा टाळावे. लेबल हे वाचण्यासाठी असते. मोजण्यासाठी मूळ संख्या आज्ञावलीत अबाधित ठेवली पाहिजे.

६. अक्षावरील खुणा आणि दशांश स्थळे

स्तंभावरील लेबल आणि अक्षावरील लेबल यांच्या गरजा भिन्न आहेत. स्तंभावरील लेबल एका संख्येविषयी बोलते, तर अक्षावरील लेबले एकमेकांच्या संदर्भात वाचली जातात. अक्षावर १०,००,०००, १०,२०,०००, १०,४०,००० अशा खुणा असतील आणि दशांश स्थळ ठेवलेले नसेल, तर तीनही ठिकाणी '१० लाख' असे उमटते. म्हणून अक्षावरील दशांश स्थळांची संख्या मूल्यावरून न ठरविता दोन खुणांमधील अंतरावरून ठरवावी लागते. वरील उदाहरणात अंतर वीस हजार, म्हणजे ०.२ लाख आहे. तेव्हा एक दशांश स्थळ पुरेसे आहे. अंतर पंचवीस हजार असल्यास ते ०.२५ लाख होते व दोन स्थळे लागतात. डी-थ्री खुणांसाठी १, २, ५ व त्यांच्या दसपटी निवडते, तर मॅटप्लॉटलिबच्या निवडीत २.५ चाही समावेश असतो. त्यामुळे एकाच आज्ञावलीचे परिणाम दोन साधनांत भिन्न दिसू शकतात.

मराठी वाचकाच्या दृष्टीने पाव व अर्ध्याचे टप्पे परके नाहीत. सव्वा लाख, दीड लाख, अडीच लाख, पावणेतीन लाख ही रूपे त्याच्या बोलण्यात सहज येतात, आणि १.२५ हा आकडा तो पुष्कळदा 'सव्वा' असाच वाचतो. त्यामुळे पंचवीस हजारांचे टप्पे दोन दशांश स्थळांसह देण्यास हरकत नाही. मात्र एका अक्षावरील सर्व लेबलांत दशांश स्थळांची संख्या सारखी असावी : १.००, १.२५, १.५०, १.७५. सुट्या लेबलात अखेरचे शून्य गाळणे शोभते. अक्षावर ते गाळल्यास लेबलांची रांग बिघडते.

एककाचा शब्द प्रत्येक खुणेपाशी लिहावा की अक्षाच्या शीर्षकात एकदाच, हा निर्णय आलेखाच्या भवितव्यावर अवलंबून असतो. पुस्तकात छापावयाच्या आलेखात शीर्षकातील 'लोकसंख्या (लाखांत)' हा उल्लेख पुरेसा आहे. परंतु जो आलेख कापून अन्यत्र चिकटविला जाण्याची शक्यता आहे, त्यात शीर्षक गळून पडण्याचा संभव असतो. तेथे किमान सर्वांत वरच्या खुणेपाशी एकक लिहिणे हितावह ठरते. संख्या व एकक यांमध्ये ओळ न तोडणारी जागा ठेवावी. अन्यथा '९४' एका ओळीत व 'लाख' दुसऱ्या ओळीत जाण्याची शक्यता असते.

७. आज्ञावलीचा आराखडा

वरील विवेचनाच्या आधारे कोणत्याही भाषेत लिहिता येईल असा आराखडा पुढीलप्रमाणे मांडता येतो :

(१) मूल्य उपलब्ध नसल्यास तसे शब्दांत लिहावे. अनुपलब्ध मूल्य व शून्य यांची गल्लत होऊ देऊ नये.
(२) मूल्य शून्य असल्यास एककाविना '०' द्यावे.
(३) ऋण चिन्ह बाजूला ठेवून पुढील सर्व क्रिया केवलमूल्यावर कराव्यात.
(४) एककांची यादी मोठ्याकडून लहानाकडे ठेवावी : कोटी, लाख, एक. एक लाखाखालील संख्या पूर्ण लिहावी, कारण पाच अंकी संख्या वाचण्यास अवघड नसते.
(५) अक्षासाठी एकक आधीच ठरले असल्यास तेच वापरावे. सुट्या लेबलासाठी यादीतील पहिले योग्य एकक घ्यावे.
(६) एककाने भागून ठरलेल्या दशांश स्थळांपर्यंत आसन्न मूल्य घ्यावे.
(७) सुट्या लेबलाच्या बाबतीत आसन्न मूल्य पुढील एककापर्यंत पोहोचल्यास ते एकक स्वीकारून पुन्हा भागावे.
(८) पूर्णांकी भागात उजवीकडील तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम द्यावा.
(९) अंक देवनागरीत हवे असल्यास हे रूपांतर सर्वांत शेवटी करावे.
(१०) चिन्ह, संख्या, न तुटणारी जागा व एकक या क्रमाने लेबल पूर्ण करावे.

नवव्या पायरीचा क्रम महत्त्वाचा आहे. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक आहेत. पायथन '१२' या अक्षरमालेचे पूर्णांकात रूपांतर करू शकते. जावास्क्रिप्ट मात्र तिला संख्या मानत नाही. देवनागरीत रूपांतर केल्यानंतर गणित करण्याचा प्रयत्न केल्यास एका भाषेत काम होते व दुसरीत बिघडते. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत तर देवनागरी अंक केवळ दिसण्यापुरते देवनागरी असतात. टंक बदलताच त्यांचे रूप पालटते.

अतिशय मोठ्या संख्यांबाबत आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. जावास्क्रिप्टमधील सर्वसाधारण संख्याप्रकारात पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच खात्रीने अचूक राहतात. ही मर्यादा सुमारे ९,००७ लाख कोटी असल्याने रुपयांतील आकडेवारीला ती सहसा आड येत नाही. पैशांत किंवा अतिसूक्ष्म एककांत साठविलेल्या राष्ट्रीय पातळीवरील आकडेवारीला मात्र ती आड येऊ शकते.

८. चाचणी

आज्ञावली योग्य आहे हे एखाद-दुसऱ्या आलेखावरून सिद्ध होत नाही, कारण चुका सीमारेषेवर असतात आणि नेहमीची आकडेवारी सीमारेषेपासून दूर असते. म्हणून अपेक्षित उत्तरांसह एक लहान तक्ता आधीच तयार ठेवावा. सुट्या लेबलासाठी व जास्तीत जास्त एका दशांश स्थळासाठी तो असा असू शकेल :

० : ०
९९,९९९ : ९९,९९९
१,००,००० : १ लाख
८,४९,६५१ : ८.५ लाख
९,९६,००० : १० लाख
९९,९४,००० : ९९.९ लाख
९९,९६,००० : १ कोटी
११,२३,७४,३३३ : ११.२ कोटी
−१२,३४,५६७ : −१२.३ लाख

आज्ञावलीत कोणताही बदल केल्यानंतर हा तक्ता पुन्हा पडताळून पाहण्यास काही क्षणच लागतात. विद्यार्थ्यांना आज्ञावलीलेखन शिकविताना हाच तक्ता स्वाध्याय म्हणून देता येण्याजोगा आहे. त्यात गणिताची अडचण फारशी नाही, परंतु क्रम, सीमा आणि अपवाद यांचा विचार करण्याची सवय त्यातून लागते. अन्य विद्याशाखांच्या अध्यापकांनाही तो उपयुक्त ठरेल, कारण अर्थशास्त्र, भूगोल, वाणिज्य व समाजशास्त्र या विषयांतील आलेखांची तपासणी करताना शंकेच्या जागा कोठे असतात हे त्यावरून समजते.

९. समारोप

मोठ्या संख्यांचे लेबल तयार करणे ही आज्ञावलीतील शेवटची व दुय्यम समजली जाणारी पायरी आहे. तथापि संशोधकाचे निष्कर्ष वाचकाच्या हाती पडतात ते याच पायरीवरून. आकडेवारी परिश्रमपूर्वक गोळा करावी, तिचे विश्लेषण काटेकोरपणे करावे आणि अखेरीस आलेखावर '१.१' हा आकडा '९४' हून मोठा आहे हे वाचकाने शोधून काढावे, ही स्थिती शोभणारी नाही.

उपरोक्त विवेचनातून चार गोष्टी निष्पन्न होतात. एका अक्षावर एकच एकक असावे व ते मूल्यांच्या विस्ताराचा विचार करून निवडावे. एककाचा अंतिम निर्णय आसन्न मूल्य घेतल्यानंतर व्हावा. दशांश स्थळे खुणांमधील अंतरावरून ठरावीत. लेबल व मूळ संख्या यांची आज्ञावलीत कधीही अदलाबदल होऊ नये. साधने मराठी भाषा व लाख-कोटी गणना यांना आता बऱ्याच अंशी अनुकूल झाली आहेत; परंतु वाचक संख्या कशी वाचतो याचे ज्ञान साधनात नसते. ते ज्या अध्यापकाने वर्गात फळ्यावर लाख-कोटी लिहून दाखविले आहेत त्याच्यापाशी असते, आणि आलेख प्रसिद्धीस देण्यापूर्वी त्या ज्ञानाचा उपयोग करणे ही त्याचीच जबाबदारी ठरते.